तऱ्हाळ्याचं गाडगं आणि किरकोळीचा डबा

तऱ्हाळा हे वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या शेलूबाजारच्या पंचक्रोशीतलं गाव. १९३९ साली, म्हणजे हा सगळा मुलूख अजून अकोला जिल्ह्यात मोडत होता तेव्हा, तिथं जमिनीत जुन्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सोनं नव्हतं, चांदीही नव्हती. तांबं, शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाची, अभ्यासक ज्याला पोटीन म्हणतात त्या धातूची, काळपट दिसणारी दीड हजारांच्या आसपास नाणी होती. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. या वर्तुळांच्या खुणेला उज्जैन चिन्ह म्हणतात.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. नवं भांडं घेताना लोक जुनं मोडीत घालतात, आणि त्या मोडीत कधीमधी नाणी निघतात. म्हणून मी खात्रीनं सांगतो, तऱ्हाळ्याची ती नाणी कुणी ताजव्यात टाकली असती तर त्यांना तांब्याचाही भाव आला नसता. ती वाचली, आणि नुसती वाचली नाहीत, एकत्र राहिली. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या हाती ती अभ्यासाला आली आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी त्यांचं वाचन प्रसिद्ध केलं.

हे वाचन किती चिकाटीचं असेल! सातवाहनांच्या या नाण्यांवर हत्तीभोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव असतं, पण ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं काठाबाहेर राहतात. एकावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर मधला तुकडा, तिसऱ्यावर शेवट. एकाच राजाची बरीच नाणी शेजारी मांडली तर कुठं पूर्ण नाव हाती लागतं. मिराशींनी तसं केलं. साठ्यात सर्वांत जास्त नाणी गौतमीपुत्र सातकर्णीची होती. मग पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावं. त्यांच्यामागे मात्र कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावं निघाली, जी पुराणांतल्या आंध्र राजांच्या यादीत कुठंच नाहीत.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारला होता, आणि त्यावरून त्यानं नहपानाचा मोड केला हे उघड झालं. तो साठा सगळ्यांना ठाऊक आहे. तऱ्हाळ्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येत नाही. मला ते टोचतं, कारण सातवाहनांच्या पडत्या काळात विदर्भात कोण राज्य करत होतं, याचा मोठा पुरावा आमच्या या काळ्या मातीनं दिला. १९३९ सालीच वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला आणि वत्सगुल्मच्या, म्हणजे वाशिमच्या, वाकाटकांची वेगळी शाखा इतिहासात पक्की झाली. एकाच वर्षात एवढी दोन दानं क्वचितच एखाद्या मुलखाला मिळतात.

आता माझ्या संग्रहाचं. जमवणाऱ्यानं एक विषय धरावा असं जाणती मंडळी सांगतात, आणि ते बरोबर आहे, नाहीतर घराचा भंगारखाना होतो. माझा विषय पाव आणा. १८३५ च्या कंपनी सरकारच्या पैशापासून १९४२ पर्यंत. राणीचा, महाराणीचा, एडवर्डचा, दोन्ही जॉर्जचा. १९०६ पासून तांब्याऐवजी कासं आलं आणि पैसा पातळ झाला, एवढ्या बारकाव्यापर्यंत माझ्या वह्या भरलेल्या आहेत. पण मोडीतून येणारं नाणं माझा विषय विचारून येत नाही. जे पाव आण्यात बसत नाही ते मी वेगळ्या डब्यात टाकतो. आमच्या चोपड्यांत ज्या येण्या-देण्याला धड नाव नसतं ते किरकोळ खात्यात जातं, तसा हा किरकोळीचा डबा. आणि आज मला विचाराल तर गावाचा इतिहास मला पाव आण्याच्या वह्यांपेक्षा या डब्यानं जास्त सांगितला.

पाव आणा सगळीकडे सारखाच. तो कलकत्त्याला चालला तसा कारंज्याला चालला. त्याच्यावरून गाव ओळखू येत नाही.

डब्यात सर्वांत जास्त आहेत ते निजामाचे पैसे, आणि ते साहजिक आहे. वाशिमहून हिंगोलीच्या वाटेनं कनेरगाव नाका ओलांडला की पूर्वी मोगलाई लागायची. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पण पलीकडे १९४८ पर्यंत निजामच होता आणि त्याचा हाली सिक्का चालत होता. हाली रुपया इंग्रजी कलदार रुपयापेक्षा हलका. शंभर कलदारला साधारण ११६ ते ११७ हाली पडायचे. जनावराचा सौदा ठरला तरी रक्कम कलदारात की हालीत, हे आधी बोलून घ्यावं लागे. निजामाच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार आहे. भिंग धरून त्याच्या मधल्या कमानीत पाहा. तिथं एक अक्षर उभं असतं. मीम असेल तर नाणं महबूब अली खानाचं, ऐन असेल तर १९११ ला गादीवर आलेल्या उस्मान अली खानाचं. पोराटोरांना ते अक्षर शोधायला दिलं की दुकानात तासभर हलत नाहीत.

भोकाचा पैसाही याच डब्यात. महायुद्धात धातूची टंचाई झाली म्हणून १९४३ ते १९४७ मध्ये तो पाडला. काही तर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या टांकसाळीतून आले. लोकांनी ते वायसर म्हणून वापरले, त्यामुळे बऱ्याचशांच्या कडा पिळलेल्या.

पण ज्या एका नाण्यासाठी हा डबा मी कुणाला हात लावू देत नाही, ते तांब्याचं आहे आणि त्यावर त्रिशूळ आहे. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक म्हातारी नातवाच्या लग्नाला पाण्याचा गुंड घ्यायला आली होती. मोडीत फुटका तांब्या आणि जुन्या कांचळीवरून, म्हणजे तांड्यावरच्या बायकांच्या चोळीवरून, उसवलेले काही पैसे. म्हटलं, "मायबाई, हे पैसे मोडीत नका घालू, ठेवा घरी." तर म्हणाली, "भाऊ, पोरी आता घालतेत का ते? तुमालेच कामी येईन, तुमीच घ्या." तोळ्यामाश्यानं न घेता मी त्याचे वेगळे पैसे दिले.

त्यातला एक जाड, कडेला ओबडधोबड, वर टाक्याचं भोक पाडलेला. एका अंगाला फारशीत शाह आलम बादशहाचं नाव. दुसऱ्या अंगाला फारशी, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत 'एक पाई सिक्का', आणि शेजारी छोटासा त्रिशूळ. हा कंपनीच्या बनारस टांकसाळीचा पैसा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. बनारसचा पैसा शेलूबाजारच्या मोडीत कसा आला?

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला, गंगेकाठच्या मोठ्या पेठेत जायचा. नेणारे होते बंजारे. शेकडो बैलांचे तांडे जाताना कापूस, येताना मीठ, धान्य, कापड घेऊन ही वाट तुडवायचे. मिर्झापूर बनारसच्या शेजारीच. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि लमाणांचा हा धंदा बसला. तांडे डोंगरकपारीला स्थिरावले, बैलांऐवजी शेती आणि मजुरी आली. पण बायकांच्या अंगावरच्या नाण्यांत ती वाट शिल्लक राहिली. हाच पैसा तिकडून त्या वाटेनंच आला याचा कागद माझ्याकडे नाही. दुसरी कुठली वाट मला त्याहून खरी वाटत नाही, एवढंच. आज तांड्यांवरच्या कांचळ्या दलालांना विकल्या जातात, ते नाणी सोडवून चांदी वेगळी करतात आणि तांबं किलोवर घालतात. ज्या कांचळीवर निजाम, इंदूर, बनारस शेजारी शेजारी टाचलेले होते, तिचं वाटोळं अर्ध्या तासात होतं.

म्हणून मी किरकोळीच्या प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट करतो आणि त्यावर नाण्याच्या नावाआधी गाव लिहितो, मग कशातून आलं ते, आणि सोबत काय होतं ते. कुंभ सातकर्णी वाचता आला तो सोबतच्या नाण्यांमुळे. तऱ्हाळ्याच्या साठ्यातली बरी दिसणारी नाणी चार हौशी लोकांनी वाटून घेतली असती तर उरलेल्या झिजलेल्यांना कुणी विचारलं नसतं.

अजूनही नांगरताना, शेततळं खोदताना आमच्या भागात गाडगं लागल्याच्या गोष्टी कानावर येतात. लोक भितात, सरकार सगळं हिसकावेल म्हणून रातोरात विकून मोकळे होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याचं मूळ कलम तसं नाही. दहा रुपयांहून जास्त मोलाचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. सरकारनं ते घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. जमीन दुसऱ्याची असेल आणि दोघांत काही ठरलेलं नसेल तर ज्याला सापडलं त्याचे तीन हिस्से, मालकाचा एक. गिऱ्हाइकांना मी हे काउंटरवरच समजावून सांगतो, आणि ज्याला वाशिमला जायची धास्ती वाटते त्याच्यासोबत दुकान बंद ठेवून जायला मी तयार असतो.