उताणे निजण्याचा इतिहास : कॉर्निया-रोपणानंतरची खाट

१/ ७ डिसेंबर १९०५. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील ओलोमोउत्स शहर. चुन्याने डोळे भाजलेल्या आलोइस ग्लोगार या मजुरावर डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी कॉर्निया-रोपण केले. एका डोळ्यातले कलम टिकले. मानवी कॉर्नियाचे हे पहिले यशस्वी रोपण.

२/ कलमाच्या कडेला टाके घालण्याइतका बारीक धागा तेव्हा नव्हता. झिर्म यांनी वरून आडवे-तिडवे धागे ताणून ते जागी धरले. अशी जखम साध्या खोकल्यानेही उघडण्याची भीती असे. त्यामुळे पुढे कित्येक दशके डोळ्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्यालगत वाळूच्या पिशव्या ठेवून, दिवसेंदिवस निश्चल निजवीत.

३/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि केसाहून बारीक नायलॉनचा धागा आला. टाक्यांनी कलमाचा भार घेतला. रुग्ण खाटेवरून उठला.

४/ १९९८ मध्ये डच शल्यविशारद खेरिट मेलेस यांनी नवी वाट दाखवली : कॉर्नियाचा केवळ आतला थर बदलायचा आणि कलम टाक्यांऐवजी हवेच्या बुडबुड्याने बसवायचे. हवा वर चढते. तोंड छताकडे असेल, तरच ती कलमाला वर दाबून धरते.

५/ टाके गेले आणि उताणे निजणे परतले. मात्र त्यामागचा अर्थ पालटला. ग्लोगारच्या काळी महत्त्व निश्चलतेला होते, आज ते दिशेला आहे. जेवणापुरते उठण्याची मुभा असते; पण दीर्घकाळ कुशीवर वळल्यास बुडबुडा सरकतो, कलम सुटू शकते आणि हवा पुन्हा भरावी लागते. शल्यविशारदाचे उरलेले काम रुग्णाची पाठ पूर्ण करते.