स्नायू, सांधे आणि बडोद्याची व्यायामपरंपरा

दंड फुगवून दाखविणाऱ्या मुलाला आपण ‘स्नायू पाहा’ असे कौतुकाने म्हणतो. शालेय पुस्तकांतही ‘स्नायू’ हा शब्द मांसपेशीच्याच अर्थाने येतो. परंतु सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मांसाच्या त्या भागाला ‘पेशी’ हे निराळे नाव आहे. तेथे ‘स्नायू’ म्हणजे हाडे व सांधे एकमेकांस बांधून ठेवणारे तंतुमय बंध, आणि त्यांतील जाड, वाटोळे दोर म्हणजे ‘कंडरा’. शब्दाचे अर्थ सरकतात, हा भाषेचा स्वभावच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु अर्थाबरोबर आमची दृष्टीही सरकली आणि दिसणाऱ्या दंडापुढे न दिसणाऱ्या बंधांचा आम्हांस विसर पडला, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

सुश्रुताने दिलेला दृष्टान्त मोठा बोलका आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नौका पाण्यावर भार वाहू शकते. तद्वत सांध्यांच्या ठिकाणी स्नायूंनी बांधलेला देह भार सोसतो. हाडे, पेशी किंवा सिरा यांच्या इजेपेक्षाही स्नायूंची इजा अधिक घातक, असेही त्याने म्हटले आहे. सांध्यांतील श्लेष्म्याला तो वंगण घातलेल्या आसाची उपमा देतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा हा त्याचा नियमही याच विचाराशी जुळतो. अर्थात, त्याची नऊशे स्नायूंची गणना आजच्या शारीरशास्त्राशी ओढूनताणून जुळविण्याचे कारण नाही. महत्त्व संख्येचे नव्हे, दृष्टीचे आहे.

ही दृष्टी वैद्यांपुरती राहिली नाही. कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या तयारीचे वर्णन असून त्यात भारश्रम, सलिलश्रम व स्तंभश्रम असे श्रमांचे प्रकार सांगितले आहेत. म्हणजे भार उचलणे, पोहणे आणि खांबावरील मेहनत. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेचे ‘मल्लपुराण’ही त्याच मालेत १९६४ साली छापले गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येला नवे रूप दिले. अढी, तेढी, दसरंग या पकडींत पोटरी, मनगट, खांदा आणि घोटा यांच्या बंधांवर देहाचा भार क्रमाक्रमाने पडत जातो. एरंडेल चोळलेल्या लाकडावर शिकाऱ्याला घाई करताच येत नाही. केली तर खांबच त्याला खाली उतरवितो.

बडोद्यात ही परंपरा आमच्या वडील पिढीपर्यंत जिवंत होती. उस्ताद जुम्मादादांच्या तालमीचा वारसा प्रोफेसर माणिकराव (१८७८–१९५४) यांनी चालविला आणि श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपास आणले. मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मणादी सर्व जातींचे शागीर्द, असे ते घर होते. माणिकरावांची ख्याती मल्ल व शस्त्रविद्येचे शिक्षक म्हणून होतीच, पण निखळलेले सांधे बसविणारे म्हणूनही लोक त्यांना ओळखत. जो हात मुलाला मुद्गल फिरवावयास शिकवी, तोच हात दुखावलेला खांदा चाचपून पाही. शिक्षक आणि उपचारक यांची ही एकत्र वस्ती आम्हांस फार मोलाची वाटते. डभोईस १८८३ साली जन्मलेले ज. ग. गुणे याच माणिकरावांचे शिष्य. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. बडोद्यातूनच १९३६ ते १९४९ या काळात मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड निघाले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीने केलेले हे काम लहान नव्हे.

आजचे शास्त्र या जुन्या संयमाला नवे कारण पुरविते. पेशींना रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने त्या काही आठवड्यांत बळावतात. कंडरांना तो कमी, म्हणून त्यांना बळकट होण्यास महिने लागतात. सांध्यांतील कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि हालचालीने त्यास साहाय्य होते. म्हणून अतिश्रम जसा बाधक, तशीच निष्क्रियताही बाधक. मंद, नियमित व हळूहळू वाढता भार हाच मार्ग.

आमच्याकडूनही या बाबतीत चूक घडली आहे. स्नेहसंमेलन तोंडावर आले म्हणून आम्ही एकदा महिनाभरात मुलांकडून मनोरे व उड्या बसवून घेतल्या. टाळ्या मिळाल्या, पण त्यानंतर दोन मुले कित्येक आठवडे गुडघे धरून जिना चढत होती. त्यांचे दंड तयार झाले होते, बंध झाले नव्हते. आणि तो फरक ओळखण्याचे ज्ञान मुलांपाशी नव्हे, आमच्यापाशी असावयास हवे होते.

‘स्नायू’चा जुना अर्थ व्यवहारात परत आणावा, असा आमचा आग्रह नाही, रूढ झालेला शब्द राहो. मात्र ‘कंडरा’ हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला जावा आणि कवायतीच्या तासाला त्याचे स्मरण राहावे, एवढी अपेक्षा आहे. ज्या गोष्टीला आपण नाव ठेवीत नाही, तिची काळजीही घेत नाही.