बोटदुखी : निदानाची नोंद व संकेतांक

बोटदुखी : हाताच्या बोटात, पेरात किंवा बोटाच्या सांध्यात होणारी वेदना. वैद्यकीय नोंदीत ती लक्षण म्हणून येते, रोग म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) हातापायांतील वेदनेला एम७९.६ हा संकेतांक आहे. त्यापुढे जागेचा ४ हा अंक जोडला की मनगट, तळहात आणि बोटे एवढा भाग ठरतो. दुखणे सांध्यातच असेल तर एम२५.५. अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या आवृत्तीत उजव्या हाताच्या बोटाला एम७९.६४४, डाव्या हाताच्या बोटाला एम७९.६४५ आणि हात कोणता ते लिहिलेच नसेल तर एम७९.६४६. अमेरिकी विमादाव्यांचे कोडिंग करणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना हे आकडे पाठ असतात. त्यांतला शेवटचा वापरावा लागणे म्हणजे केसपेपर अर्धवट राहणे.

दुखण्याचे कारण सापडले की लक्षणाचा संकेतांक मागे पडतो आणि कारणाचा लागतो. एम७९.६ हा शेवटचा पर्याय आहे. नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा तालुक्यात हा नियम विशेष जपायला हवा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भाग बहुसंख्येने आदिवासी, शेती आणि मजुरीवर जगणारा. उपजिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘बोट दुखते’ एवढेच सांगणाऱ्या दोन रुग्णांचे आजार एकमेकांपासून फार लांबचे असू शकतात.

सर्वांत जपून पाहावे ते तान्ह्या मुलाचे बोट. सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली; सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन साधारण सहाव्या महिन्यापर्यंत बाळाला सांभाळून घेते. ते ओसरले की विळ्याच्या आकाराच्या पेशी बोटांच्या लहान हाडांतील रक्तप्रवाह अडवतात. हातापायांचे पंजे सुजतात, बोटे गरम आणि फुगीर होतात, मूल हात लावू देत नाही. पुष्कळदा हीच आजाराची पहिली खूण असते. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, त्यामुळे मुका मार किंवा जंतुसंसर्ग समजून औषध दिले जाते आणि मूल घरी जाते. या मुलाच्या कागदावर केवळ एम७९.६ पडला, तर सिकलसेलच्या कोणत्याही मोजणीत ते येत नाही. योग्य नोंद डी५७.०, म्हणजे सिकलसेल आजार, वेदनेच्या झटक्यासह. अमेरिकी आवृत्तीने तर १ ऑक्टोबर २०२३ पासून बोटांच्या या सुजेसाठी डी५७.०४ हा वेगळा संकेतांक दिला आहे. अर्थात निदान आधी पक्के व्हावे लागते : विद्राव्यता चाचणी ही फक्त चाळणी, शिक्कामोर्तब इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करते. तोवर कागदावर ‘संशयित’ लिहावे आणि वय, किती बोटे, दोन्ही हात की एक, ताप, मार लागल्याचा इतिहास, घरात कोणाला सिकलसेल आहे का, हे सारे नोंदवावे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही या आजाराचा समावेश आहे. त्यामुळे पहिल्या केसपेपरवरची ओळ पुढे प्रमाणपत्राच्या कामी येते.

दुसरा मोठा गट दुखापतींचा. कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्रात बोट सापडते, उसाच्या तोडणीत कोयता बसतो. जखमेला एस६१.०, आणि नखही दुखावले असेल तर एस६१.१, अंगठा सोडून इतर बोटाचे हाड मोडले तर एस६२.६, सांधा निखळला तर एस६३.१, अंगठा सोडून इतर एक बोट तुटले तर एस६८.१. जोडीला कशाने लागले ते सांगणारा संकेतांक द्यावा लागतो, शेतीयंत्रासाठी डब्ल्यू३०. हा दुसरा संकेतांक सर्रास गळतो आणि यंत्रांचे अपघात आकडेवारीत दिसत नाहीत, ही खरी हानी आहे.

कोणते बोट आणि कुठपर्यंत, यावर मजुराचा पैसा ठरतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत कमाईक्षमतेतील घट पेरागणिक दिली होती : अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, दोन पेरे ११, एक पेर ९, हाड शाबूत राहून केवळ टोक गेल्यास ५, अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेल्यास ७. यांत्रिक शक्तीच्या साधनांनी होणाऱ्या शेतीतील मजूरही या कायद्यात येत. मारहाणीच्या प्रकरणात बोटाचे हाड मोडले वा सांधा निखळला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ती गंभीर दुखापत ठरते. म्हणून ‘बोटाला मार’ ही नोंद रुग्णावर अन्याय करणारी आहे.

उरलेल्या कारणांत नखुरड्याला एल०३.०, बोट वाकवल्यावर अडकून राहत असेल तर एम६५.३. रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर मनगटात नस दाबली गेल्याचा संशय घ्यावा (जी५६.०). साप चावल्यास टी६३.० सोबत एक्स२०. सूज चढण्याआधी अंगठी काढली का आणि दंशाची वेळ काय, हेही लिहावे. भाजूनही न दुखणारे बोट तर अधिक गंभीर : तेथे कुष्ठरोगाची (ए३०) तपासणी हवी.

चांगली नोंद चार ओळींत मावते. ‘उजवी तर्जनी, शेवटचे पेर. तीन दिवस ठणका, नखाच्या कडेला पू. मार नाही, ताप नाही. बोट पूर्ण वाकते, टोकाला स्पर्श कळतो.’ एवढ्यावर कोणीही एल०३.० देईल आणि पुढच्या तपासणीत सुधारणा मोजता येईल. भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या रुग्णाकडून हे काढून घेण्यात परिचारिकेचा आणि आशाताईंचा वाटा मोठा असतो. बोटांना क्रमांक देऊ नयेत; अंगठा ते करंगळी अशी नावेच लिहावीत, कारण कोणी अंगठ्यापासून मोजतो तर कोणी तर्जनीपासून. चूक झाल्यास एका रेघेने खोडून सही व तारीख घालावी, वर गिरवू नये.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये बाजू मूळ संकेतांकाला जोडून लिहिली जाते : डावीसाठी एक्सके८जी, उजवीसाठी एक्सके९के. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात.