भरती जिथवर पोचते

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये आरन नावाची नदी आहे. जेमतेम साठ किलोमीटरची. मुखाशी लिटलहॅम्प्टन बंदर, थोडं वर अरुंडेलचा किल्ला, त्याच्याही वर ॲम्बर्ली नावाचं खेडं. आयझॅक वॉल्टन यांचं 'द कम्प्लीट अँगलर' हे गळाने मासे पकडण्यावरचं पुस्तक १६५३ साली आलं, आणि अजून छापलं जातं. त्यात ससेक्सच्या चार नामांकित जलचरांची यादी आहे. सेल्सीचे शिंपले आणि चिचेस्टरचा लॉब्स्टर समुद्राचे. उरलेले दोन या एकाच नदीचे: अरुंडेलचा मलेट आणि ॲम्बर्लीचा ट्राउट.

मलेट म्हणजे आपला बोय. गोव्यात शेवटो म्हणतात तो. जात वेगळी, पण घराणं तेच. हा समुद्रातला मासा भरतीबरोबर नदीत शिरतो आणि ओहोटीला परत जातो. ट्राउट मुळात गोड्या पाण्यातला, थंड आणि वाहत्या नदीतला. पण त्यातले काही समुद्रात जातात, तिथे खाऊन-पिऊन दांडगे होतात आणि अंडी घालायला परत नदीत येतात. त्यांना सी ट्राउट म्हणतात. ॲम्बर्लीचा ट्राउट बहुधा हाच असावा. म्हणजे एक मासा खालून वर येणारा आणि एक वरून खाली जाऊन परतणारा. दोघांची गाठ पडते ती भरतीच्या पट्ट्यात.

आरनमध्ये हा पट्टा फार लांब आहे. मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत, पॅलिंगहॅमपर्यंत भरती जाणवते. तिथे पाणी गोडंच असतं, पण दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. कोकणातला माणूस खालच्या भागाला खाडी म्हणेल आणि वरच्या भागाला काय म्हणावं यावर विचार करत बसेल. इंग्लिश कायदा मात्र असा विचार करत नाही. त्याच्या लेखी भरती जिथवर पोचते तिथवर मासे सगळ्यांचे. तिथून एक पाऊल वर गेलात की मासे पकडायचा हक्क काठाच्या मालकाचा. दोन्ही काठांना दोन मालक असतील तर मधोमध रेघ मारून अर्धी नदी याची, अर्धी त्याची.

ही रेघ ओलांडणं एके काळी जिवावर बेतू शकत होतं. १७२३ च्या ब्लॅक ॲक्टखाली तोंडाला काळं फासून, हत्यारबंद होऊन दुसऱ्याच्या पाण्यातले मासे चोरणाऱ्याला फाशीची तरतूद होती. हा कायदा शंभर वर्षं टिकला. तोच मासा, तीच नदी, पण खाली भरतीच्या पाण्यात त्याला कोणीही घरी न्यावा.

ही रेघ आली कुठून? वकिलांना विचारलं तर शतकानुशतकं एकच उत्तर मिळत आलं आहे: मॅग्ना कार्टा. १२१५ साली राजा जॉनकडून सरदारांनी लिहून घेतलेली सनद. तिने राजाला मनाई केली की भरतीच्या नद्यांमधले मासे यापुढे कोणा एकाला देऊन टाकायचे नाहीत.

गंमत अशी की सनदेत असं काही लिहिलेलंच नाही.

तिचं ३३ वं कलम नद्यांबद्दल आहे. समुद्रकिनारा सोडून थेम्स, मेडवे आणि बाकी सगळ्या इंग्लंडातल्या नद्यांमधले माशांचे बांध काढून टाकावेत, असं ते सांगतं. हे बांध म्हणजे नदीत ओळीने खुंट रोवायचे, त्यांच्यामध्ये काटक्या विणायच्या आणि माशाला चिंचोळ्या तोंडाकडे ढकलत न्यायचं. मासा अडकतो, पण नावही अडकते. तक्रार नावांची होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी थेम्समधले बांध हटवायचा अधिकार ११९७ मध्येच राजा रिचर्डकडून मिळवला होता. मॅग्ना कार्टाने तीच मागणी देशभर लागू केली. गरीब कोळ्याच्या गळाचा विचार त्यात कुठेच नव्हता. होता तो मालवाहतुकीचा.

दुसरा आधार दिला जातो तो सनदेच्या १२२५ च्या आवृत्तीतल्या १६ व्या प्रकरणाचा. आजोबा हेन्रींच्या काळात ज्या नद्यांचे काठ राखीव नव्हते ते यापुढे राखीव करू नयेत, असा त्याचा आशय. लॅटिन शब्द आहे 'रिपारिया'. राखीव ते कशासाठी? बहिरी ससाण्याच्या शिकारीसाठी. राजा जॉनला ससाणे उडवायचा भयंकर नाद. बगळे आणि क्रौंच नदीकाठी असतात. राजा येणार म्हटलं की तो काठ इतरांना बंद, आणि वर गावकऱ्यांनी राजाच्या वाटेतले पूल बांधून द्यायचे. लोक त्याला कंटाळले होते. म्हणजे या कलमात पक्षी आहेत, पूल आहेत, वेठ आहे. मासा नाही.

पुढच्या वकिलांनी मात्र 'राखीव नदी'चा अर्थ 'राखीव मासेमारी' असा लावला. सतराव्या शतकात मॅथ्यू हेल या न्यायाधीशांनी समुद्र आणि नद्यांच्या हक्कांवर एक ग्रंथ लिहिला. तो छापला गेला १७८७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी. भरतीच्या पाण्यात सामान्य माणसाला मासेमारीचा हक्क आहे, कोणी एकाच्या मालकीचा दावा करत असेल तर त्याने तो सिद्ध करावा, असं त्यांचं म्हणणं. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोननी हा मनाईचा अर्थ पाठ्यपुस्तकात पक्का केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टुअर्ट मूर यांनी जुने दस्त उलगडून दाखवलं की सनदेचा हा अर्थ होत नाही. तोवर फार उशीर झाला होता. आम्ही प्रोग्रामर लोक ही परिस्थिती ओळखतो. वीस वर्षांपूर्वीच्या कोडमधली एक ओळ, तिच्यावर चुकीची कमेंट. पण त्या कमेंटवर विसंबून पुढच्यांनी इतकं काही उभं केलेलं असतं की आता ती कमेंटच खरी. मला हा गैरसमज इतिहासातल्या चांगल्या गैरसमजांपैकी वाटतो. इथे आठशे हा आकडा लाख नसला, तरी तेवढी वर्षं लोक त्यावर गळ टाकत आले आहेत.

पण हा हक्क वाटतो तेवढा मोकळाढाकळाही नाही. इंग्लिश कायद्याची आठवण ३ सप्टेंबर ११८९ पासून सुरू होते. हेन्री दुसरा मेल्यावर रिचर्डचा राज्याभिषेक झाला तो दिवस. त्याच्या आधीचं सगळं 'अनादि'. मनाई होती ती हेन्रीच्या नंतर नवे खाजगी पट्टे पाडण्याला. त्याच्या आधीपासून एखाद्याकडे हक्क असेल, तर तो शाबूत. आयर्लंडमध्ये शॅनन नदीवर, लिमरिक शहराजवळ, यावरून एक खटला उभा राहिला. माल्कमसन विरुद्ध ओ'डी. १८६३ मध्ये तो लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. भरतीच्या नदीत मासेमारी जनतेची, हे तत्त्व या निकालात जितकं ठणकावून सांगितलं आहे तितकं क्वचितच कुठे असेल. वकील आजही तोच निकाल पुढे करतात. आणि जिंकलं कोण? खाजगी हक्क सांगणारा. त्याच्या बाजूचे कागद जुने होते, आणि त्यांवरून हक्क ११८९ च्या आधीचा मानता येत होता. तत्त्व लोकांना मिळालं, मासे त्याला.

मग प्रश्न येतो की भरती संपते कुठे. उधाणाला पाणी जिथवर चढतं तिथवर भांगाला चढत नाही. वाय नदीवर १८८२ मध्ये नेमकं हेच झालं. खटल्याचं नाव रीस विरुद्ध मिलर. मासेमारीची जागा अशी होती की एरवी तिथे भरती यायची नाही, पण मोठ्या उधाणाला खालून आलेल्या पाण्याने नदी तुंबायची आणि पातळी वर चढायची. कोर्टाने म्हटलं, अधूनमधून फुगणाऱ्या पाण्याला भरतीची नदी म्हणता येणार नाही, इथे जनतेचा हक्क नाही. चंद्राच्या कलेवर कोणाचा मासा ते ठरू द्यायचं नाही, असाच त्याचा अर्थ. मला हा निकाल पटतो, आणि आवडत नाही.

रेघ वरखाली सरकते तशी नदी आडवीही सरकते. एडन नदीने कार्लाइलजवळ आपलं पात्र सोडून दुसऱ्याच्या जमिनीतून नवी वाट काढली. जुन्या पात्रात मासेमारीचा खास हक्क कार्लाइल नगरपालिकेकडे होता. ती म्हणाली, नदी तीच, तेव्हा हक्कही तिच्यामागे नव्या पात्रात यायला हवा. १८६९ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं.

आता हीच कायद्याची पुस्तकं बोटीतून भारतात आली तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे, कारण इथल्या नद्यांपुढे एडन म्हणजे ओढा. बंगालमध्ये जमीनदारांकडे 'जलकर' होता, म्हणजे पाण्यातल्या माशांचा हक्क. भरतीच्या, नावा चालणाऱ्या नदीतही सरकार असा हक्क एकट्याला देऊ शकतं, असं कलकत्ता हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकात मान्य केलं. जे इंग्लंडच्या राजाला करता येत नव्हतं ते त्याच्याच सरकारला इथे करता आलं. १८८९ मध्ये बंगालने खाजगी मासेमारीच्या संरक्षणाचा वेगळा कायदा केला. दुसऱ्याच्या हक्काच्या पाण्यात मासे धरणं आता फौजदारी गुन्हा झाला. आणि १९१४ मध्ये श्रीनाथ रॉय विरुद्ध दीनबंधू सेन या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की बंगालच्या नद्या भटक्या आहेत, त्यांना इंग्लंडचा नियम लावता येणार नाही, इथे जलकराचा हक्क नदीच्या मागोमाग जाईल. एडन हलली तर मालक मागे राहायचा. पद्मा हलली तर मालक तिच्याबरोबर हलायचा. मधल्या मध्ये काठावरच्या जेल्याने नदी बदललेली पाहायची, मालक तोच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. बिहारमध्ये सुलतानगंज ते पीरपैंती अशा सुमारे ८० किलोमीटर गंगेवर 'पानीदारी' स्वातंत्र्यानंतरही चालू होती. कहलगावच्या मच्छीमारांनी १९८२ मध्ये गंगा मुक्ती आंदोलन सुरू केलं आणि ती संपायला १९९० चं दशक उजाडलं. तिथे भरती पोचतही नाही. म्हणजे लंडनचा नियम जसाच्या तसा आला असता, तरी या लोकांच्या कामी आला नसता.

आपल्या किनाऱ्यावर वेगळं घडलं. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा हा खटला आला. दोन्हीकडे मच्छीमारच. वाद समुद्रात खुंट रोवून जाळी लावण्याचा: तुझ्या खुंटांमुळे माझ्या जाळ्यात मासा येत नाही. पुन्हा खुंटच! थेम्समध्ये नाव अडली होती, इथे शेजाऱ्याचं जाळं. कोर्टाने सांगितलं की समुद्रातली मासेमारी सगळ्यांची आहे, ती कोणा एकाची मालमत्ता नाही. काही ठिकाणी गावची वहिवाट तिला नियम घालू शकते. आणि हा हक्क प्रत्येकाने असा वापरावा की दुसऱ्याचा तोच हक्क मारला जाणार नाही. हे शेवटचं वाक्य मला मॅग्ना कार्टाच्या सगळ्या टीकांपेक्षा उपयोगी वाटतं. त्यात राजा नाही, ११८९ नाही. शेजारी आहे.

आज इंग्लंडच्या भरतीच्या नदीवर गळ घेऊन उभं राहिलात तर 'फुकट' या शब्दाला काय काय चिकटलेलं आहे ते कळतं. पाणी सगळ्यांचं, पण काठ कोणाचा तरी. मासे धरायच्या हक्कात दुसऱ्याच्या शेतातून पाण्यापर्यंत जायचा हक्क येत नाही. म्हणून सार्वजनिक वाट नदीला भिडते तीच जागा खरी मोकळी. आमिषासाठी चिखलातले किडे खणणं मात्र हक्कात बसतं, स्वतःच्या गळापुरतं. १९९३ मध्ये कोर्टाने तेही ठरवून टाकलं. ट्राउट धरायचा तर सरकारी परवाना हवा, बंदीचा हंगाम पाळायला हवा. बोयला परवाना लागत नाही, कारण तो कायद्याच्या लेखी समुद्राचा. एकाच जागी, एकाच भरतीत, एका माशासाठी खिशात कागद हवा आणि दुसऱ्यासाठी नको. गळाला काय लागेल हे आधी कोणाला माहीत असतं? शहाणी माणसं परवाना काढून ठेवतात.

त्यातून बोय लागणं अवघड. त्याचं खाणं म्हणजे चिखलावरचं शेवाळ आणि बारीक जीव. जाड ओठांनी तो चिखल खरवडतो, मोठं आमिष क्वचितच घेतो. इंग्लिश लोक त्याला पावाच्या गरावर फसवतात. आधी काही दिवस एकाच जागी पाव टाकत राहायचं, त्याला सवय लावायची, मग एक दिवस त्या पावात गरी लपवायची. अंडी घालण्याच्या वयाला यायलाच त्याला दहाएक वर्षं लागतात, म्हणून बरेच जण पकडलेला मासा वजन करून परत सोडतात. भरती चढू लागली की अरुंडेलच्या पुलाखाली राखाडी पाठी दिसू लागतात, काठावरचे लोक पाव चुरायला घेतात, आणि तासाभरात पाणी वरच्या दिशेला, ॲम्बर्लीकडे वाहू लागतं.