बेटावरचे वाघेर आणि आमचं बडोदं

द्वारकेचं नाव निघालं की आमची आजी हात जोडायची आणि त्याच दमात म्हणायची, "वाघेरांनी सोडलं म्हणून आपण आहोत." तिचे पणजोबा गायकवाडांच्या द्वारकेच्या कचेरीत कारकून होते. १८५९ साली वाघेरांनी द्वारका घेतली, तेव्हा आजीचे आजोबा कडेवरचं पोर. तिच्या म्हणण्याप्रमाणे वाघेरांनी या बिऱ्हाडाला बैलगाडी दिली, सोबत माणूस दिला आणि बाईच्या अंगावरच्या दागिन्याला हातही लावला नाही. त्यांचा म्होरक्या जोधा माणेक याचा तसा हुकूमच होता म्हणे. गाडी कोणी हाकली, वाटेत काय खाल्लं, हे सगळं आजी सांगायची. वाघेर उठले कशासाठी, एवढं मात्र नाही.

द्वारकेचा हा मुलूख म्हणजे सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ. मूळ सत्ता वाघेरांची. दर्यावर्दी जात, पूर्वी जहाजं लुटण्यातही वाकबगार, त्यामुळे इंग्रजांच्या कागदोपत्री ते चाचेच. इंग्रजांनी मुलूख जिंकला आणि १८१७ साली बडोद्याच्या हवाली केला. वाघेर प्रमुखांना रोख नेमणूक ठरली. ती थकायची, अडवली जायची, आणि अडवणारा वहिवाटदार बडोद्याहून आलेला असायचा, बहुधा मराठीच. १८२० मध्ये एकदा उठाव होऊन चिरडला गेला होता. सत्तावन्नच्या धामधुमीत कंपनीचं राज्य बुडाल्याच्या बातम्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या, तेव्हा जोधा आणि त्याचा पुतण्या मुळू यांनी पुन्हा हत्यार उचललं.

पुढे बेट द्वारकेवर, म्हणजे ओख्यासमोरच्या बेटावर, काय झालं ते मला ओख्याच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या नावाड्यानं सांगितलं. मी गेलो तेव्हा बेटावर जायला पूल नव्हता, होडीनंच जावं लागे. मी बडोद्याचा म्हटल्यावर तो हसला. "म्हणजे गायकवाडी! मग तुम्ही ऐकायलाच हवं."

ऑक्टोबर १८५९. मुंबईहून कर्नल डोनोवनची फौज आली, गोरी आणि देशी दोन्ही, बरोबर आगबोटी. बेटाचा किल्ला अगदी पाण्याला लागून, आत द्वारकाधीशाची देवळं. आरमारानं तोफा डागायला सुरुवात केली. वाघेरांकडे त्या तोडीचं काही नव्हतं. तोड्याच्या बंदुका, तलवारी आणि तटाची भिंत. म्हातारा सांगत होता, बायांनी घरातल्या गोधड्या समुद्रात बुडवून आणल्या. गोळा पडला की दोघी धावायच्या, ओली गोधडी त्याच्यावर टाकायच्या आणि बाजूला पळायच्या. त्या काळचे गोळे आतली वात जळत जाऊन फुटत. वात विझली तर गोळा म्हणजे नुसतं लोखंड. हे सगळ्या गोळ्यांना जमलं नसणार, काही बाया तिथंच गेल्या असणार. म्हाताऱ्यानं त्यांचा हिशेब दिला नाही, मीही विचारला नाही.

मग शिड्या लावून हल्ला झाला, आणि तो वाघेरांनी परतवला. कवायती फौजेची माणसं तटाखाली पडली. हे केवळ होडीतल्या गप्पांपुरतं नाही, इंग्रजांनाही ते मान्य करावं लागलं. त्याच रात्री वाघेर बेट सोडून निसटले. त्यात भित्रेपणा कसला? दारूगोळा संपत आलेल्या माणसांनी दुसऱ्या सकाळी आयतं मरायचं कशाला? इंग्रजांनी रिकाम्या किल्ल्याला सुरुंग लावले, लूट केली, देवळांनाही धक्का बसला. मग द्वारकेला वेढा पडला. तिथूनही वाघेर रात्री निघून गेले, बरड्याच्या डोंगराकडे.

जोधा १८६० मध्ये वारला. मुळू लढत राहिला आणि १८६८ मध्ये मारला गेला.

आजीच्या गोष्टीत वाघेर दयाळू होते, म्हाताऱ्याच्या गोष्टीत शूर. दोन्ही खरं असायला हरकत नाही. पण दोघांच्या मध्ये जी थकलेली नेमणूक आहे, ती आमच्या कचेरीतली. तोफा इंग्रजांच्या होत्या, राज्य गायकवाडांचं वाचलं. बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीरावांची ग्रंथालयं आणि शाळा अभिमानानं सांगतात, आणि सांगाव्यातच. ओखामंडळ मात्र कोणी काढत नाही. झवेरचंद मेघाणींनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून या कथा गोळा करून 'सोरठी बहारवटिया'त लिहून ठेवल्या आहेत. गुजराती वाचता येत असेल तर जरूर वाचा. त्यात आपली माणसं खलनायक आहेत, एवढं सोसायची तयारी ठेवा.