एपोखे

‘आवरून धरणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून निघालेला ‘एपोखे’ हा शब्द प्राचीन संशयवाद्यांनी निर्णय तहकूब ठेवण्याच्या वृत्तीस योजला होता. १९१३ साली तत्त्वज्ञ एडमंड हुसेर्ल यांनी, जगाविषयीची गृहीते बाजूस सारून वस्तू जाणिवेला जशी प्रतीत होते तसे तिचे अवलोकन करण्याच्या आपल्या पद्धतीस तोच शब्द दिला. पुढे समाजसंशोधकांनी तो स्वीकारला. त्यानुसार दीर्घ आजाराने जखडलेल्या माणसाची जबानी ऐकताना निदानाचे दप्तर मिटून, त्याचा दिवस त्याला कसा जातो एवढेच विचारणे, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र सुंदर सरुक्कई यांच्यासह लिहिलेल्या ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) या ग्रंथात गोपाळ गुरू यांनी उपस्थित केलेला प्रश्न, की दलितांनी भोगलेला अनुभव सिद्धांतात मांडण्याचा अधिकार न भोगणाऱ्यास कितपत पोहोचतो, संशोधकाने पूर्वग्रह तहकूब केल्यानेही सुटत नाही.