मुंबईचे रुंद रस्ते आणि रहिवाशांचें आरोग्य

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेगचा रोगी ओळखला. त्या सांथीमुळेंच मुंबईस रुंद रस्ते मिळाले, ही समजूत बव्हंशीं खरी आहे. परंतु त्या रस्त्यांनीं शहर निरोगी झालें, असें जें तिला जोडून म्हटलें जातें, तें तपासून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

इ. स. १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट हवा हेंच रोगाचें मूळ, असा तत्कालीन अधिकाऱ्यांचा ग्रह होता. म्हणून समुद्राचा वारा दाट वस्तींत खेळावा या हेतूनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड हे रस्ते वस्ती कापून काढण्यांत आले. वस्तुतः त्याच वर्षीं पॉल-लुई सिमाँ यांनीं कराचीस उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचें प्रयोगानें दाखविलें होतें, इ. स. १९०५ पासून मुंबईंत चाललेल्या संशोधनानें त्यास पुष्टि मिळाली.

मग पाडापाडीचा परिणाम काय झाला? घरें पाडण्याचें काम त्वरेनें झालें, बांधण्याचें मागें राहिलें. गोदी, बाजार वा गिरणी येथें रोज पायींच जावयाचें, आणि तेथेंहि रोजच्या कामाचा भरंवसा नाहीं. अशा मजुरांस दूर राहावयास जाणें परवडणारें नव्हतें. ते शेजारच्याच चाळींत शिरले व तेथील दाटी वाढली. उजेड व मोकळी हवा निरुपयोगी होती, असें आमचें म्हणणें नाहीं. क्षयासारख्या रोगांत त्यांचें महत्त्व निर्विवाद आहे. परंतु खोलींतील माणसें वाढलीं, कीं रस्त्यावरचा वारा त्यांच्यापर्यंत पोंचत नाहीं.

ट्रस्टनेंच दादर-माटुंग्यास झाडें, पदपथ व बागा यांसह वसाहती आंखल्या. त्या आजहि पायीं हिंडावयास सुखकर आहेत. मात्र त्यांचा लाभ मुख्यतः मध्यम वर्गास झाला.

इ. स. १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आलेले व १९१९ पासून मुंबई विश्वविद्यालयांत अध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस यांनीं सरसकट पाडापाडीस विरोध केला. मोडकळीस आलेलीं थोडीं घरें काढून लहान चौक करावे, झाडें लावावीं आणि जुनी वस्ती राखावी, असें त्यांचें मत होतें.

इ. स. १९३३ मध्यें ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. त्याच्या कार्याचें मोल ठरवितांना रस्त्यांची रुंदी पाहिली जाते. घर सुटलेला मजूर कामाच्या ठिकाणापासून किती अंतरावर राहूं शकला, हेंहि पाहिलें पाहिजे. या दृष्टीनें ट्रस्टचे वार्षिक अहवाल व म्युनिसिपालिटीचे आरोग्य-अहवाल अभ्यासकांनीं एकत्र ताडून पाहावे, अशी आमची विनंति आहे.